शुक्रवारचं घर

दुष्काळानंतर काही काळ मी भवानी पेठेत दूधकेंद्र चालवायचे. भुकटी परदेशातून यायची, माझा पगारही तिकडच्याच मदतीतून. एका विणकराच्या रिकाम्या मागाच्या खोलीत मी सकाळी दूध कालवायचे, पेठेतल्या पोरांना पाजायचे. त्यांच्या आया तेवढ्या वेळात निवांत विड्या वळायच्या.

एक दिवस साहेब सांगायला आले, तिकडची मदत थांबली, महिनाअखेर केंद्र बंद. झालं! दुष्काळ संपला असं तिकडं कुणीतरी ठरवलं होतं. इथल्या पोरांच्या बरगड्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. मला तर रडूच फुटलं. नोकरी गेली म्हणजे करकंबला भावाच्या घरी परत, आणि तिथं वहिनी माझ्यासाठी बिजवर बघूनच बसली होती.

आयांना सांगितलं तर नातवाला घेऊन आलेली एक म्हातारी विचारते, "मग लेकरं कुटं ठेवायची आमी?" मी मनातून भडकले. माझा संसार उभा राहायच्या आधीच मोडतोय आणि हिला विड्यांची पडलीये! पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"गावाला जाऊ नका, बाई. तुमी लेकरं सांबाळा. तुमच्या जेवणाचं आमी बघतो की."

आणि त्यांनी मला चक्क वार लावून दिले. शिकणाऱ्या गरीब मुलांना लावतात तसे, रोज एक घर. मॅट्रिक झालेली बाई दुसऱ्याच्या दारी ताटावर बसणार! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बिजवर आठवला आणि मुकाट्यानं सोमवारच्या घरी गेले. झोपायला मागाची खोली होतीच. पोरांना दुधाऐवजी आया अंबील पाठवायच्या. माझ्यापुढं कुणी कधी ताट आपटलं नाही. त्या घरांचे उपकार मी कशानं फेडू, मला आजही कळत नाही.

शुक्रवारचं घर सगळ्यांत गरीब. तिथली बाई मला गरम भाकरी आणि शेंगाची चटणी वाढायची, आणि स्वतः नुसती समोर बसायची. "माजा उपास हाय आज," म्हणायची. शुक्रवार देवीचा, म्हणून मला कधी नवल वाटलं नाही.

पुढं बालवाडीत नोकरी लागली, वार सुटले. पेढे घेऊन तिच्याकडं गेले तो शुक्रवारच होता. ती जेवत बसली होती.

"आज उपास नाही?" मी विचारलं.

"आता कशाला?" ती हसून म्हणाली, आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला.