राजेश्वरीच्या बुटांचा तंग

बडोद्यात सायकल सगळेच चालवत, पण पाय पॅडलला अडकवून चालवणारी राजेश्वरी माने एकटीच. नव्वदचं दशक सरत आलं होतं. दिवसा ती विम्याच्या कचेरीत काम करायची आणि सकाळी उठून जवळच्या पादरा गावाच्या रस्त्याला लागायची. ती राहायची त्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, लग्नाचं वय झालं आणि ही चाकं फिरवत बसलीय. म्हणेनात का! त्यांच्या बोलण्यानं काही टायरची हवा जात नव्हती.

माने मूळचे संस्थानाच्या घोडदळातले. घोडे गेले, आणि मल्हारराव, म्हणजे राजेश्वरीचे वडील, तिचे आबा, औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर झाले. पण घोड्याचा तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधायचा पट्टा, अजून घरच्या बोलण्यात होता. ज्यानं बसायचं त्यानंच तो आवळायचा, हा घराचा रिवाज. एखाद्याचं फार कौतुक वाटलं की आबा म्हणत, त्यानं तंग स्वतः आवळला होता. आजोबांबद्दल म्हणत, चुलत्यांबद्दल म्हणत. बाईमाणसाबद्दल त्यांच्या तोंडून हे कधी कुणी ऐकलं नव्हतं. राजेश्वरीला ते लहानपणापासून डाचायचं.

थोरल्या भावानं, प्रतापसिंहानं, परदेशातल्या मित्राकडून तिला पाय अडकवायचे ते बूट आणि पॅडल मागवून दिले. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा स्क्रूनं बसवायचा. तो पॅडलमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. प्रतापसिंह मोठा मायेचा माणूस. तुझ्या हातात जोर नाही म्हणत अ‍ॅलन की, म्हणजे स्क्रू आवळायची किल्ली, घेऊन तोच बसला आणि क्लीट लावून मोकळा झाला. तोही खूश, हीही खूश.

दुसऱ्याच दिवशी लहरीपुऱ्याच्या दरवाजापाशी पुढची रिक्षा गपकन थांबली. राजेश्वरीनं टाच वळवली. बूट वळला, पण स्क्रू सैल पडल्यानं क्लीट पॅडलमध्ये जिथल्या तिथं. पाय सुटेना, आणि बाईसाहेब सायकलीसकट आडव्या! "बेन, वाग्युं तो नथी ने?" करत, लागलं तर नाही ना विचारत दुकानदार धावले. कोपर फुटलं होतं, पण लाज जास्त झोंबली. आठवड्यावर पादऱ्याची बायकांची सायकल शर्यत होती आणि ती उतरणार हे तिनं पोळभर सांगून ठेवलं होतं. आता पडण्याच्या भीतीनं माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

आबांनी कोपराला हळद लावायला सांगितली आणि बूट उलटा करून पाहिला. हे कुणी आवळलं, त्यांनी विचारलं. दादानं, ती म्हणाली. प्रतापसिंह जमिनीकडे बघायला लागला.

"तंग आवळताना घोडा पोट फुगवून धरतो," आबा म्हणाले. "चार पावलं चालला की श्वास सोडतो, आणि तंग ढिला. म्हणून थोडं चालवून पुन्हा आवळायचा. आणि बसणाऱ्यानंच आवळायचा, कारण पडायचं त्यालाच असतं."

मग तिनंच मांडी घातली. स्क्रू काढून आट्यांतली धूळ पुसली, ग्रीसचं बोट फिरवलं, क्लीट सरळ रेषेत धरलं आणि स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळत नेले. मांडवीच्या दरवाजापर्यंत चक्कर मारून आली आणि पुन्हा की लावली. खरंच, स्क्रू अजून जरासे फिरले. मग क्लीट हातानं पिळून बघितलं. ते हललं नाही.

शर्यतीच्या सकाळी प्रतापसिंह की घेऊन हजर. एकदा मी बघतो ना, म्हणाला. त्याला दुखवणं तिच्या जिवावर आलं, तरी तिनं हात पुढे केला.

"दादा, राग मानू नकोस. पडणार मी आहे."

त्यानं की तिच्या हातावर ठेवली.

पादऱ्याजवळच्या वळणावर एक म्हैस निवांत रस्त्यात आली. पुढच्या दोघी एकमेकींवर आदळल्या. राजेश्वरीनं टाच वळवली, पाय अलगद सुटून जमिनीला टेकला, म्हैस गेली, पाय पुन्हा खटकन अडकला आणि ही निघाली. पहिली आली का? नाही, दुसरी. सुरतेची पोर खरंच जबरदस्त होती, खोटं कशाला बोला.

शर्यत संपल्यावर आबांचे चुलतभाऊ जगदेवराव प्रतापसिंहाची पाठ थोपटायला लागले, बहिणीचे बूट झकास बांधलेस म्हणून. आबांनी त्यांचा हात धरून थांबवला आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिनं तंग स्वतः आवळला होता."

सगळ्यात आधी प्रतापसिंहानं टाळी वाजवली. राजेश्वरी खाली वाकून उगीचच बुटाचे स्क्रू चाचपत राहिली. डोळे भरलेले कुणाला दाखवायचे नव्हते.