नव्या गाडीची थरथर

नव्या मोटारसायकलवर पासष्टचा वेग धरला की अकराव्या-बाराव्या मिनिटाला माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर व्हायचं. हे मी अंदाजाने सांगत नाही. वहीत अठरा नोंदी होत्या. सगळ्यात लवकर नवव्या मिनिटाला, सगळ्यात उशिरा चौदाव्या.

जुन्या गाडीवर असं कधी झालं नव्हतं. ती बारा वर्षांची, जडशीळ, सावकाश ठोके देत चालणारी. नुसती चालू करून उभी केली तरी तिचे आरसे इतके हलायचे की मागे कोण उभं आहे ते ओळखू यायचं नाही. पण दर डिसेंबरात आम्ही दोघं तिच्यावरून आठ दिवस फिरायचो आणि संध्याकाळी उतरल्यावर माझे हात शाबूत असायचे. बायकोची कंबर मात्र दर वर्षी थोडी थोडी कुरकुरत गेली. शेवटच्या खेपेला दापोलीहून येताना तिने माणगाव ते भाईंदर सात वेळा गाडी थांबवायला लावली. घरी आल्यावर पलंगावर आडवी होत म्हणाली, "अहो, तुमच्या त्या उखळात मी आता बसणार नाही. कुटून निघाले मी."

म्हणून नवी गाडी घेतली. लांबच्या प्रवासासाठी म्हणूनच बनवलेली, मागे रुंद सीट आणि पाठीला टेकू. आम्ही वज्रेश्वरीला जाऊन आलो. तिने एकदाही थांबवलं नाही. उतरल्यावर म्हणाली, "ही बरी आहे. डिसेंबरात कुठे जायचं ते सांगा." मी हात झटकत होतो. ते तिने पाहिलं नाही.

वेळ फार नव्हता. आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच दुचाकी, असा ठराव झाला होता. तो मीच मांडला होता. तळमजल्याची जागा टेपने मोजून, खडूने पट्टे आखून मी दाखवलं होतं की एकेका गाडीला शहात्तर सेंटिमीटर रुंदी दिली तरच सगळ्यांना जागा पुरते. नवी गाडी पट्ट्यात आली आणि जुनी पाण्याच्या टाकीजवळ सरकली, तेव्हा सेक्रेटरी शेठजी हसून म्हणाले, "रूल आपने बनाया, भाईसाब. फिर भी एक महिना देता हूँ." म्हणजे महिन्याच्या अखेरीला दोन्हीपैकी एक गाडी जायला हवी होती. नवीचा दोष सापडला तर जुनी विकायची, आणि डिसेंबरात दोघांनी फिरायचं. नाही सापडला तर नवी विकायची, आणि आमचं फिरणं तिथेच संपलं.

मी हाटकेशच्या एका कारखान्यात माल तपासणीला होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूतली चूक शोधणं हेच माझं काम. त्यामुळे हीही सापडेल, अशी माझी खात्री होती.

सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर माझ्या अर्ध्या वयाचा होता. पहिल्या खेपेला म्हणाला, "अंकल, नई गाड़ी है. चलने दो, खुल जाएगी." दुसऱ्या खेपेला म्हणाला, "अंकल, हँडल ज़ोर से मत पकड़ो." तिसऱ्या खेपेला मी वही नेली. त्याने दोन पानं उलटली आणि साथीदाराला हाक मारली, "अरे, इधर आ. अंकल होमवर्क लेके आए हैं." ते दोघं हसले. त्याने हँडलवर एक हात ठेवून अर्धा मिनिट इंजिन फिरवलं आणि म्हणाला, "मक्खन है." मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज चढला होता, एवढं कबूल करतो.

मग मी स्वतःच शोधायला बसलो. आधी टायरची हवा आणि साखळीचा ढिलेपणा पाहिला; दोन्ही मापात. मग पासष्टला असताना क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली. थरथर गेली. म्हणजे चाकांचा संबंध नाही. मग मधल्या स्टँडवर उभी करून इंजिन, पासष्टला असतं तसं, मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर नेलं. गाडी जागच्या जागी, तरी मुठींत तीच बारीक मुंग्या आणणारी थरथर हजर. म्हणजे ती इंजिनातूनच येत होती. बोल्ट किती आवळलाय ते दाखवणारा, कारखान्यातला मापाचा पाना आणून इंजिन धरून ठेवणारे सगळे बोल्ट तपासले. एकही ढिला नव्हता.

शेवटी दोन्ही गाड्या शेजारी लावल्या आणि दोघींच्या सीटवर एकेक स्टीलची ताटली ठेवून त्यात बोटाच्या एका पेराएवढं पाणी ओतलं. जुनीचं पाणी इंजिन सुरू होताच उसळून सांडलं. नवीच्या पाण्यावर पाच हजारांवरही नुसती बारीक वलयं. बायको भाजी घेऊन येत होती. थांबून म्हणाली, "आता गाड्यांना जेवायला वाढताय?"

"बघ ना. जुनी जास्त हलते, आणि हात मात्र नवीवर बधिरतो."

"मला तर काही जाणवत नाही."

"तू मागे बसतेस. हँडल माझ्या हातात असतं."

"मग जाड मोजे घाला आणि चला. एवढं काय त्यात!"

जाड हातमोज्यांनी तीन मिनिटं वाढली. तेही वहीत लिहिलं.

मला सुचलेलं उत्तर असं: जुनी मोठे पण सावकाश हेलकावे देते, ते कंबरेला लागतात; नवीचं इंजिन भरभर फिरतं, तिची थरथर बारीक आणि वेगवान, ती बोटांना लागते. हे बरोबरच होतं, आजही बरोबर आहे. पण त्यापुढे मी लिहिलं, 'बांधणीतलाच दोष. इलाज नाही,' आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

महिना संपायला चार दिवस असताना नवी गाडी विकली. घेणारा उत्तनचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा तरुण गृहस्थ. मी काही लपवलं नाही. "पासष्टला थरथरते, हात बधिरतो," असं दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "चालेल काका, माझे हात होडीच्या इंजिनावर वाढलेत." शनिवारी कागदांवर सह्या झाल्या. रविवारी सकाळी मी स्वतः गाडी उत्तनला पोचवली आणि सोबत गाडीचं सुटं सामान भरलेली पिशवी दिली.

त्याच्या दारात त्याची आई बांबूंवर बोंबील टांगत होती. त्याने पिशवी ओट्यावर रिकामी केली. त्यातून हँडलच्या मुठीएवढ्या जाडीचे, गोल, जड, लोखंडाचे दोन गट्टू घरंगळत आले. त्याने एक तळहातावर तोलला.

"काका, हँडलच्या टोकांचं वजन हाय ना हे? काढलंत कशाला?"

"पार्किंगसाठी," मी म्हणालो. आणि हे एका शब्दाचं कारण सांगतानाच मला काहीतरी कळायला लागलं. हँडल टोकापासून टोकापर्यंत एकोणऐंशी सेंटिमीटर भरत होतं. माझा पट्टा शहात्तरचा. शेजारच्या स्कूटरला ओरखडे नकोत म्हणून मी दोन्ही गट्टू काढून पंचाहत्तर केलं होतं, आणि टोकं उघडी दिसू नयेत म्हणून केबिन रोडवरून बंद टोकाच्या रबरी मुठी आणून चढवल्या होत्या. त्यामुळे सर्व्हिस सेंटरवाल्यालाही वजनं नसल्याचं दिसलं नाही.

"त्यानेच तर थरथर मरते," तो सहज म्हणाला. मुठींची टोकं कापून त्याने गट्टू बसवले, पिळले. दहा मिनिटं लागली. "जावा, मारून या एक राउंड."

मी भाईंदरच्या दिशेने गेलो आणि परत आलो. त्या वळणांवर पासष्ट सलग मिळत नाही, म्हणून खालच्या गिअरमध्ये काटा पाच हजारांवर धरला. घड्याळ लावून वीस मिनिटं. बोटं जागी होती. दहाच्या दहा.

परत येऊन गाडीवरून उतरायचं सोडून मी तसाच बसून राहिलो. "बघा," मी म्हणालो, "जुनी घेता का हिच्याऐवजी?"

तो हसला. "काका, तुमीच सांगितलं ना थरथरते म्हणून? मी तरी घेतली. आता थरथरत न्हाय, तर तुमाला पायजे?"

त्याची आई बोंबलांमधून वळून म्हणाली, "वजन काढून इकतो नि वजन लावून मागतो! हुशार हाय बाबा तुजा शेठ."

शब्द दिला होता, सह्या झाल्या होत्या, आणि चूक त्याची नव्हती. मी किल्ली दिली आणि बसने घरी आलो.

वही काढली. 'थरथर' हे सदर आठव्या पानावर सुरू होत होतं, आणि इतके दिवस मी आठव्या पानाच्या मागे गेलोच नव्हतो. सहाव्या पानावर, 'पार्किंग' या सदरात, माझ्याच अक्षरात होतं: 'हँडलची टोकं काढली. रुंदी ७५. पट्ट्यात बसते.' बोट बधिरल्याची पहिली नोंद त्यानंतर दोन दिवसांची. बायकोला मी ते पान दाखवलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

तिने वाचलं. "म्हणजे गाडी चांगली होती."

"हो."

"आणि त्या सर्व्हिसवाल्या पोराला तुम्ही काय काय बोललात!"

"हो."

"मला एकदा तरी विचारायचं होतंत, मुठी बदलल्यापासून होतंय का म्हणून. मला आठवत होतं, कधी बदलल्या ते. बोहारणीला साड्या दिल्या त्याच दिवशी." ती वही माझ्या हातात देऊन आत गेली. चिडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी मी सर्व्हिस सेंटरला जाऊन त्या सुपरवायझरची माफी मागितली. त्याला मी आठवत होतो, पण कशाबद्दल माफी ते कळायला त्याला वेळ लागला. "कोई बात नहीं अंकल," म्हणाला. जुनी गाडी शेठजींच्या देखरेखीखाली पट्ट्यात आली. तिचं हँडल त्र्याहत्तर भरतं.

डिसेंबरात आम्ही पुन्हा दापोलीला गेलो. ती एसटीने, मी जुनीवरून. ती माझ्या आधी पन्नास मिनिटं पोचली आणि स्टँडवर चहा पिऊन वाट पाहत बसली होती. मागच्या सीटवर मी तिची बॅग बांधली होती. बॅगेने एकदाही थांबवायला लावलं नाही.