खंडेनवमीला चकाकलेले टायर

सोलापूरला सात रस्त्याजवळ आमच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, टायरचं दुकान होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते. मॅट्रिक झाल्यावर मी दुकानात बसायला लागले, दुसरं काही नाही, हौस. गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघून हसायचं आणि मग मीच दाखवलेला टायर घेऊन जायचं. पण घरात लग्नाची घाई सुरू झाली. मी हट्ट धरला, आणखी एक वर्ष तरी बसू द्या. शेवटी अप्पा म्हणाले, "अण्णाच्या शर्यतीचे टायर तू बघ. नीट झालं तर बस वर्षभर. न्हाईतर पाहुण्यांना होकार कळवतो."

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या घरात निम्मं कानडी चालायचं, म्हणून मी त्याची तंगी, धाकटी बहीण. शर्यत कसली, तर गावाबाहेर विमानाच्या धावपट्टीवर रिकामी पिंपं मांडायची आणि मोटरसायकलींनी त्यांना वळसे घालत पळायचं. अण्णाची पहिलीच वेळ, दसऱ्याच्या सकाळी.

तो रबराच्या जाडजूड गट्ट्यांचे टायर उचलून आला. "हे बघ की तंगी, कसे पैलवान दिसतायत!"

"पैलवान चिखलात ठेव," मी म्हटलं. "डांबरावर वळताना गाडी आडवी केलीस की हे गट्टे वाकतात. गाडी डुलायला लागंल तुझी."

माळ्यावर एक जोडी बरी दिसत होती, पण वरच्या पत्र्याच्या तापानं कडेला बारीक तडे गेलेले. ती बाजूला टाकली. मग कमी खोल नक्षीची जोडी काढली, नख दाबून बघितलं तर रबर मऊ. म्हटलं, हीच.

आता नवा टायर घसरतो हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. साच्यातून निघताना त्याच्यावर एक तुकतुकी असते, ती गेल्याशिवाय तो रस्ता धरत नाही. मी पॉलिश पेपर घेऊन बसले, दोन्ही टायर कडेपर्यंत घासले. मग अण्णा होटगी रस्त्यावर गाडी नागमोडी चालवून आला. टायर जुन्या चपलेच्या तळव्यासारखे भुरकट झाले. मला लई आवडले.

अप्पांना नाही आवडले. खंडेनवमीला आमच्याकडे नट खोलायचे पाने, टायर काढायच्या पट्ट्या, हवेचा पंप, सगळं पुसून, तेल लावून पूजेला मांडतात. त्यात गाडीपण आली. त्यातून अप्पांची सवय अशी, की दारात टांगलेला टायरसुद्धा खोबरेलाच्या फडक्यानं पुसायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावा म्हणून. मी नैवेद्य घेऊन आले आणि बघते तर अण्णाच्या गाडीचे टायर काळेभोर चकाकतायत.

"अप्पा, घसरंल की तो! पुसून टाकते मी."

"असले मळके टायर घेऊन जायचं व्हय? सगळं सोलापूर बघणार हाय, दुकान कुणाचं ते! आणि पूजेला बसलेल्या वस्तूला हात लावायचा न्हाई. उद्या उत्तरपूजा झाल्यावरच हलवायची."

मी परसात अण्णाला गाठलं. "उद्या तितं गेल्यावर आधी साबणाच्या पाण्यानं टायर धू. मग चालव." तो "बरं बरं" म्हणाला.

नाही धुतले. अप्पा शेजारीच उभे होते म्हणे, त्यांच्या देखत कसं धुवायचं. पहिल्याच पिंपाला मागचं चाक घसरलं. अण्णाच्या मांडीचं हाड मोडलं.

अप्पा घरी आले ते दारातूनच बोलत. "नवाकोरा टायर पोरीनं कागदानं घासून वाया घालवला. बायकांच्या हातात दिल्यावर दुसरं काय व्हणार?"

मी तेलाचं नाव काढलं. "इतकी वर्षं लावतोय तेल," अप्पा म्हणाले, "एक गिऱ्हाईक तरी पडलं का?"

पडली असतील हो. पडल्यावर दुकानात सांगायला कोण येतंय! अव्वा, आमची आई, सगळं ऐकत होती. तिनं पदर खोचला आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. अण्णाचा पाय वजन लावून टांगलेला. खोलीत आम्ही दोघंच. म्हटलं, "तेल होतं हे तुला ठाऊक हाय. तू सांग अप्पांना, तुझं ऐकतील."

त्यानं नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "तंगी, तू आज ना उद्या सासरी जाणार. मला त्याच दुकानात जन्म काढायचाय. त्यांच्याशी वाकडं घेऊ व्हय मी?"

मी डबा उघडला. ज्वारीची पेज नेली होती, ती चमच्याचमच्यानं त्याला भरवली. उठता येत नव्हतं ना त्याला.

पाहुण्यांना होकार गेला. माझ्या लग्नात अण्णा कुबड्या घेऊन अक्षता टाकायला उभा राहिला, आणि मांडवातल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "बघा की, बहिणीवर किती माया हाय पोराची!"