कपाळावरची पट्टी

माझा डावा डोळा मी आठ-नऊ वर्षांची असताना गेला. पोरांत विटीदांडू खेळत होते, विटी लागली. बाहेरून डोळा धड दिसतो, पापणी हलते, पाणीही येतं, पण आतली नस मेलेली आहे. जन्मभर जे काही पाहिलं ते उजव्या डोळ्याने. लग्न, मुलीचं बाळंतपण, नवऱ्याचं प्रेत, सगळं एका डोळ्याने. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एका डोळ्यानेही पोळी गोल लाटता येते.

मग तो उजवाही धुरकट व्हायला लागला. इंदिरानगरला मी दोन घरी पोळ्या करते. एका घरातल्या बाईंनी एक दिवस पोळीत भाजलेली मुंगी ताटाच्या कडेला काढून मला दाखवली. मला ती दिसली नाही. मी म्हटलं, "हो हो, दिसली, उद्यापासून पीठ चाळून घेते." त्या दिवशी घरी येताना रस्ता ओलांडायला मी इतका वेळ उभी राहिले की एका रिक्षावाल्याने विचारलं, "आजी, कुणाची वाट बघताय?"

मरणाची मला भीती नाही. कुणीतरी हाताला धरून संडासला नेईल आणि बाहेरून "झालं का?" विचारत उभं राहील, याची आहे. मी एकटी राहते. मुलगी येवल्याला दिलेली. तिचा नवरा मागावर पैठण्या विणतो, घर दोन खोल्यांचं, त्यात एक खोली मागाचीच. तिथे आंधळी सासू कुठे ठेवणार?

आमच्या सिडकोतल्या समाजमंदिरात शिबिर लागलं तेव्हा म्हणून मी गेले. एका ट्रस्टची गाडी आली होती. गाडीवर ट्रस्टचं नाव बारीक आणि अंबडच्या एका कंपनीचं नाव मोठं. पैसा कंपनीचा, डॉक्टर ट्रस्टचे. मी स्वतः अंबडला अकरा वर्षं एका शेडमध्ये पॅकिंगला होते. आमच्या मालकाने कधी हातमोजे दिले नाहीत, प्यायचं पाणीसुद्धा आम्ही घरून न्यायचो. आता कंपन्या डोळे वाटतात. मी तपासायला बसलेल्या पोरीला विचारलं, "का गं, एकदम एवढी दया का आली?" ती हसली. "आजी, कायदाच आहे. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला थोडा भाग समाजासाठी द्यावाच लागतो." हे मला बरं वाटलं. दयेने दिलेलं उद्या बंद होतं. कायद्याने दिलेलं जरा टिकतं.

तिने बॅटरी मारून पाहिलं. "उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. डाव्याचं काही होणार नाही, नस गेली आहे. उजव्याचं ऑपरेशन करून टाकू." करून टाकू. कपडे धुऊन टाकू म्हणतात तसं.

इथपर्यंत मी ठीक होते. मग गल्लीतल्या एकीने मला गाठलं. "फुकटच्या शिबिरात शिकाऊ डॉक्टर हात बसवतात हो. माझ्या नणंदेच्या सासऱ्यांचा डोळा गेला तसाच." मी विचारलं, "कुठल्या गावी?" तिला गाव सांगता आलं नाही. गाव सांगता आलं नाही म्हणजे खोटं, एवढी अक्कल मला आहे. पण अक्कल एकीकडे आणि भीती एकीकडे. बाकीच्यांचा एक डोळा बिघडला तर दुसरा असतो. माझ्याकडे दुसरा नव्हता.

तरी गेले. त्र्यंबक रोडच्या बाजूला ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. बसने आम्हा वीस-बावीस जणांना नेलं. दारात प्रत्येकाला पिशवी मिळाली. टॉवेल, कंगवा, बिस्किटं, पिशवीवर कंपनीचं नाव. मग पायऱ्यांवर बसवून फोटो. मागे कंपनीचे साहेब लोक, पुढे आम्ही. फोटोवाला म्हणाला, "आजी, हसा की." मी हसले. फोटोत मी कशी आले असेन ते मला बघायचं नाही.

मग कपाळावर पट्ट्या लावल्या. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या बाजूला भुवईच्या वर पांढरी चिकटपट्टी. गोंधळ होऊ नये म्हणून. सिस्टर फटाफट लावत गेली. माझ्या शेजारच्या खाटेवर पेठकडच्या पाड्यावरची एक म्हातारी होती, माझ्याच वयाची, नागलीच्या भाकरी बांधून घेऊन आलेली. तिने सगळ्यांच्या कपाळांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, आमच्याकडं देवाला बोकड सोडायचा तर त्याला असाच टिळा लावत्यात."

"गप गं बाई," मी म्हटलं.

"आता गप राहून काय? बोकड बी गपच असतो."

ती खदाखदा हसली.

आम्हाला तोंड धुऊन यायला सांगितलं. मोरीत आरसा होता. मी आरशाला नाक लावून उभी राहिले तेव्हा मला धुक्यात एक कपाळ आणि त्यावर पांढरा ठिपका दिसला. आणि माझ्या डोक्यात ते आलं. मी चाळीस वर्षं पोळ्या करतेय. पहिली पोळी कधी ताटात जात नाही. तवा तापला का, पीठ कसं मळलं गेलंय, ते पहिलीवर कळतं. ती करपली तर कुत्र्याला घालायची. मग दुसरीपासून खरं काम. मी विचार केला, या डॉक्टरांचा हात पहिल्यांदा मेलेल्या डोळ्यावर पडू दे. त्याचं काय बिघडायचं राहिलंय? तिथे सगळं नीट झालं, दुखलं-खुपलं नाही, पू झाला नाही, तर पुढच्या शिबिरात उजवा देऊ. बिघडलं तर गेलेलाच डोळा गेला.

मला हा विचार फार शहाणपणाचा वाटला. भ्यालेल्या माणसाला आपण शहाणे झालो असंच वाटतं.

मी नखाने उजवी पट्टी सोडवली आणि डाव्या भुवईवर दाबून बसवली. खाटेवर येऊन बसले. दुसरी सिस्टर थेंब टाकत आली. तिने कपाळ बघितलं आणि डाव्या डोळ्यात थेंब टाकला. चरचरलं. थोड्या वेळाने परत टाकला. कुणी काही विचारलं नाही. ते बघून मला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं, पण भीती दुप्पट झाली. म्हणजे पट्टी आहे तिथे सुरी चालणार. बाकी कुणी बघत नाही. मी तर मुद्दाम केलं, पण कुणाची पट्टी चुकून सरकली असती तर?

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकड्यावर आम्हाला ओळीत बसवलं. दाराशी एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, कंपनीचा टी-शर्ट पोटावर ताणलेला. असे चार-पाच जण आले होते. कंपनी त्यांना वर्षातून एक दिवस सेवेला पाठवते. कुणी चहा देत होता, कुणी हात धरून नेत होता. याच्याकडे दार दिलं होतं. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा केसपेपर आणि कपाळ तो जुळवून बघायचा, मग सोडायचा.

माझी पाळी आली. त्याने कागद वाचला. माझ्या कपाळाकडे पाहिलं. परत कागद. मग तो खाली वाकला आणि माझ्या उजव्या भुवईवरून बोट फिरवलं.

"मावशी, इथे आधी पट्टी होती."

"नव्हती."

"गोंद आहे अजून. लाल चौकोन उठलाय."

"खाजवलं असेल."

"चौकोनी खाजवलंत?"

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार, पोलिस येणार, पिशवी परत घेणार. काय वाट्टेल ते वाटलं.

तो माझ्या शेजारी बाकड्यावर बसला. बाकीच्यांना म्हणाला, "दोन मिनिटं थांबा." आणि मला हळूच, "मी कंपनीत क्वालिटीला आहे. वीस वर्षं हेच करतो. चुकीचा टॅग लागलेला माल लगेच ओळखतो. चुकून लागला की कुणी मुद्दाम लावला, तेही ओळखतो. का केलंत?"

मी सांगितलं. विटीपासून पहिल्या पोळीपर्यंत सगळं. त्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "आमच्याकडे पण पहिला पीस वेगळा काढून तपासतात. पण तो चांगल्या लोखंडाचा असावा लागतो, मावशी. गंजक्या तुकड्यावर मशीन चालवून मशीनबद्दल काय कळणार?"

"पण चांगला तुकडा एकच आहे ना माझ्याकडे."

तो उठून आत गेला आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्यांच्या मागे ट्रस्टचा एक माणूस यादी घेऊन धावत आला.

"काय झालं? यादी कंपनीला गेली आहे, मॅडम. फोटोही झालेत. आता नाही म्हणून कसं चालेल?"

"यादीला डोळा नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही जरा बाजूला व्हा." मग माझ्याकडे वळल्या. चांगल्याच चिडल्या होत्या. "आजी, आत आम्ही पुन्हा बघतोच, पण तुम्ही हे करायला नको होतं. असं सगळ्यांनीच केलं तर आम्ही पट्टीवर भरवसा कसा ठेवायचा? तुमची मर्जी नसेल तर आत्ता घरी जा. बस सोडेल तुम्हाला. कुणी जबरदस्ती करणार नाही."

"नाही केलं तर काय होईल?"

"वर्षभरात उजेड-अंधार एवढंच कळेल."

"आणि केलं आणि तुम्ही चुकलात तर?"

"चुकू शकते. माणूस आहे. क्वचित कधी आपली चूक नसतानाही बिघडतं. तुमचा एकच डोळा आहे हे कागदावर लिहिलेलं होतं, म्हणून तुमची केस मी स्वतःकडे ठेवली होती. शिकाऊ कुणी हात लावणार नाही. याच्यापुढे मी काही शब्द देऊ शकत नाही."

"काही होणार नाही, आजी" असं त्या म्हणाल्या असत्या तर मी उठून बसमध्ये जाऊन बसले असते. शब्द देणारे मी खूप पाहिलेत.

ओळीतून पेठची म्हातारी ओरडली, "अक्का, लवकर ठरव! मला लघवीला जायचं हाय, माझा नंबर जाईल!"

मी म्हटलं, "डावी काढा. उजवीकडे लावा."

पट्टी त्या क्वालिटीवाल्याने लावली. मग उजव्या डोळ्यात नव्याने थेंब टाकले आणि मला तासभर परत बसवलं. त्या तासात मी तीन वेळा जायला उठले आणि तीन वेळा बसले. माझ्या मागचे सगळे आत जाऊन आले. म्हातारीही डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आली आणि म्हणाली, "काय नाय गं. नुसतं डोळ्यात पाणी सोडत्यात." ती खोटं बोलतेय हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

आतलं फार सांगण्यासारखं नाही. डोळ्याच्या खाली सुई टोचली ती दुखली. तोंडावर कापड टाकलं, मला श्वास कोंडल्यासारखं झालं. मग मोठा उजेड, आणि उजेडात काहीतरी हलतंय. मी नळीसारखी ताठ पडून होते. डॉक्टरीणबाई मधूनमधून "छान, आजी, हलू नका" म्हणत होत्या. मी मनात देवाचं नाव घेत नव्हते. मी घरातल्या वस्तू कुठे आहेत ते आठवत होते. माचिस ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात. तांदळाचा डबा खाली. गॅसची चावी उजवीकडे. आंधळी झाले तर उपयोगी पडेल म्हणून.

मग उजेड गेला आणि कापूस बसला. आणि काहीच उरलं नाही. बाकीच्यांना पट्टीशिवायचा डोळा होता. मला दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ण अंधार. आजवर मी एवढी कधीच भ्याले नव्हते. कुणी जवळून गेलं तरी अंग चोरायचे. जेवण आलं ते म्हातारीने भरवलं. भात माझ्या हनुवटीवर सांडला. ती म्हणाली, "तोंड उघड की नीट. चिमणीचं पिल्लू बी तुझ्यापेक्षा शहाणं." तिने मला हाताला धरून संडासला नेलं आणि बाहेर उभी राहून विचारलं, "झालं का?" मी आत बसून रडले. आवाज न करता.

सकाळी पट्टी काढली. मी डोळा उघडला आणि पांढरं दिसलं. नुसतं पांढरं. मी म्हटलं, "गेला."

"थांबा, मलम आहे," सिस्टर म्हणाली आणि ओल्या कापसाने पुसलं. "किती बोटं?"

पांढऱ्यातून काहीतरी काळपट वर आलं. ते फाटलं, दोन झालं.

"दोन."

"आता?"

"तीन. एकाला शाई लागली आहे."

सिस्टरने स्वतःचं बोट उलटं करून बघितलं आणि साडीला पुसलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली, "ठीक आहे" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. थेंब कसे टाकायचे, पाणी किती दिवस लावायचं नाही, ते सिस्टरने सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं. महिनाभर चुलीपुढे उभं राहायचं नाही म्हणाली. म्हणजे महिनाभर दोन्ही घरं जाणार, किंवा त्यांनी दुसरी बाई बघितली तर कायमची जाणार. तिला मी "बरं" म्हटलं.

मग मी शेजारच्या खाटेकडे वळले. कालपासून जिने मला भरवलं तिचं तोंड मी तोवर धड पाहिलं नव्हतं. तिच्या हनुवटीवर हिरवं गोंदण होतं, पुढचे दोन दात नव्हते, आणि पट्टी नसलेल्या डोळ्याने ती माझ्याकडेच बघत होती.

"दिसतंय का, अक्का?"

"दिसतंय."

"मग मला ती माझी पिशवी दे. खाटेखाली कुठं गेली, मला वाकता यायचं नाय."

मलाही वाकायला मनाई होती. मी पायाने पिशवी ओढून तिच्याकडे सरकवली.