गाऱ्हाण्यातलं नाव

बोटीच्या कचेरीत मी तिकिटं फाडायचो, तेव्हा मुंबईची आगबोट मालवणच्या धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू होडीने किनाऱ्यावर आणावे लागत. होडी वल्हवणाऱ्यांत एक म्हातारा होता. बोलणं बेताचं, काम बिनबोभाट. पोटुशी बाई, तान्हं मूल, चाकरमान्याची ट्रंक, सगळं तो सारख्याच काळजीने उतरवून घेई. त्याच्या होडीतून कधी कुणी पाण्यात पडलं नाही, म्हणून त्याच्याकडे कधी कुणाचं लक्षही गेलं नाही. एखादी होडी उलटवली असती तर गावभर नाव झालं असतं.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू व्हायच्या. त्याआधी आमचे एजंटसाहेब धक्क्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला लावत. गावचा मानकरी देवापुढे एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी यश मागे आणि प्रत्येक मागण्यावर जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत. साहेबांचं नाव येई, त्यांच्या जावयाचं येई, कारकुनांचं येई. माझं, कालच्या पोराचं, पहिल्याच वर्षी आलं. म्हाताऱ्याचं कधीच नाही. एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस "व्हय म्हाराजा" मात्र सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा.

एका पावसाळ्यात होडीला तेल लावता लावता तो मला म्हणाला, "झिला, एकदा गाऱ्हाण्यात माझा नाव येऊक व्हया. माका आणखी काय नको."

मी साहेबांकडे गेलो. ते हसले. "अरे, तो तर घरचाच. घरच्या माणसाचं वेगळं नाव कशाला घ्यायचं?" म्हणाले. तरी यंदा घेऊ, असं कबूल केलं. घरचा माणूस हे शब्द पुढे नोकरीभर ऐकले आणि दर वेळी माझं डोकं फिरलं.

त्या वर्षी पौर्णिमेला म्हातारा धुवट सदरा घालून आला आणि कधी नव्हे तो पुढे उभा राहिला. धक्क्याला नवी कोरी लाँच लागली होती. उतारू आता तीच आणणार होती. चालवायला बाहेरून माणूस आणला होता. होडीवाल्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सगळे लाँचचा रंग बघत होते.

मानकऱ्याने सुरुवात केली. साहेब झाले, जावई झाला, लाँचवाला झाला. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. मी साहेबांकडे बघत राहिलो, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शेवटचं मागणं आलं.

"बा देवा म्हाराजा, ही लाँच दर्यात उतारता आसा, तिका सांभाळ. आजपासून ह्या बंदरात कोणाक वल्हा मारूची पाळी येव देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. तोही म्हणाला. दर वर्षी म्हणायचा तेवढ्याच मोठ्याने.