एक जूनवाले

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दाराआडच्या खिळ्याला एक पिशवी लटकत असते, तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस दार पूर्ण उघडेनासं होतं. आमच्या कट्ट्याच्या किश्शांचं तसंच झालंय. टाकून द्यायचा कंटाळा, आणि उलगडून बघायचा त्याहून जास्त.

कट्टा म्हणजे वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या बागेतली दोन बाकडी. सकाळी चालायला म्हणून घरातून निघायचं, आणि बसायचं. सगळे निवृत्त. चालणं हे आमच्याकडे सुनेला सांगायचं कारण आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला तेव्हा अ‍ॅडमिन कोण, यावर सगळ्यांनी एकदम झाडांकडे बघायला सुरुवात केली. मी तेवढा मोबाईलकडे बघत होतो, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. आणि अ‍ॅडमिनने रोज सकाळी दिनविशेष टाकायचा, असंही त्याच बैठकीत ठरलं. आज इतिहासात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. नोकरीत असताना कामाचा एवढा तगादा मला साहेबानेही लावला नव्हता.

* * *

पहिल्याच वर्षी एक जून आला. मी टाकलं : आज जागतिक दूध दिन.

पहिलं उत्तर आलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

थोड्या वेळाने सुलभाताईंचा फोन. सुलभाताई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, कट्ट्यावरच्या एकट्या महिला, आणि एकट्या नियमित चालणाऱ्या.

“दळवी, कोण गेलं हो?”

“कुणी नाही. दूध आहे.”

 “मीही हात पाठवलेत. आता राहू देत.”

* * *

त्याच दिवशी खरी गंमत कळली. सभासदांचे वाढदिवस दिनविशेषात घालायचे म्हणून मी सगळ्यांना जन्मतारीख विचारली होती. उत्तरं आली : एक जून, एक जून, एक जून. मला वाटलं, एकाने पाठवलेलं बाकीचे पुढे ढकलतायत. मग आठवलं की माझीही एक जूनच आहे.

आमच्या पिढीतल्या लोकांना हे सांगायला नको. शाळा जूनमध्ये उघडायच्या, एक जूनला वय पूर्ण असलं की पोरगं बसतं. मास्तर पोराला पायापासून डोक्यापर्यंत बघायचे आणि एक जून लावून टाकायचे. एसटीची बस राज्यात पहिल्यांदा धावली तो दिवसही एक जून. त्या बसमधले निम्मे उतारू तरी आमच्यासारखेच असणार.

केक सगळ्यांचा मिळून एकच आणायचं ठरलं. दुकानातल्या पोऱ्याने विचारलं, “काका, नाव काय टाकू?” मी नावं सांगायला लागलो. तो म्हणाला, “एवढी मावणार नाय. आश्रमासाठी आहे काय? मग थोडं कमी करतो.”

मी नाही म्हणालो. रस्ता ओलांडल्यावर वाटलं, हो म्हटलं असतं तरी फारसं खोटं झालं नसतं.

मेणबत्त्या सगळ्यांनी मिळून फुंकल्या. एकही विझली नाही. शेवटी फिलिपमामांनी केकच्या खोक्याच्या झाकणाने वारा घातला.

* * *

फिलिपमामा जवळच्याच निर्मळ गावचे. केळीची वाडी भावाच्या हवाली करून लेकीकडे फ्लॅटमध्ये राहायला आलेले. कट्ट्यावर खऱ्या जन्मतारखेचा माणूस हा एवढाच. त्यामुळे एक जूनला बिचारे कडेला बसायचे.

“आमच्यात बाप्तिस्मा होतो ना,” ते म्हणायचे. “फादर तिथल्या तिथं तारीख लिवून ठेवतो. खोटं बोलायची सोयच नाय.”

शिर्के गुरुजी शेजारी बसले होते. गुरुजी कोकणात सबंध हयात प्राथमिक शाळेत हेडमास्तर. तारखा वाटणारा माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मामा, तुम्हाला पाहिजे तर घ्या एक जून. माझ्याकडे पुष्कळ आहेत.”

मामांनी घेतली. पुढच्या वर्षी नवा शर्ट घालून निघाले तेव्हा लेकीने अडवलं, “डॅडी, तुमचा बर्थडे नोव्हेंबरमध्ये असतो.”

“तो जन्माचा,” मामा म्हणाले. “हा शाळेचा.”

* * *

या तारखेचा दुसरा फटका म्हणजे एकतीस मे. एका दिवशी शाळेत गेलेले एकाच दिवशी रिटायर होतात. माझ्या ऑफिसात त्या संध्याकाळी अख्खी रांग उभी होती. साहेबांनी भाषण एकदाच केलं. “यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे,” असं म्हणताना रांगेवरून हात फिरवला. शाली पुरल्या, नारळ माझ्या अलीकडेच संपले. शिपाई कानाशी येऊन म्हणाला, “साहेब, फोटोपुरता शेजाऱ्यांचा धरा.”

फोटो अजून आहे. त्यात मी परका नारळ धरून हसतोय.

* * *

सुलभाताईंना मात्र या सगळ्याचं हसू येत नसे. एकदा त्या गुरुजींवर उखडल्याच.

“तुमचा वेळ वाचला, पण आमचं काय? माझी आई सांगायची, मी आश्विनातली. थंडीची चाहूल लागली होती म्हणे. शाळेत कुणी आईला विचारलंच नाही. आणि जन्मभर लोक मला घामाच्या धारांत शुभेच्छा देतायत.”

गुरुजी म्हणाले, “आम्ही विचारायचो हो. एक बाई म्हणाली, म्हैस व्याली त्याच आठवड्यात झाला. म्हैस कधी व्याली ते तिला पक्कं आठवत होतं. पोराचं म्हणाली, तुम्हीच बघा काय ते.”

सगळे हसले. सुलभाताई नाही हसल्या. गुरुजींचंही हसू ओसरलं. म्हणाले, “बाई, तुमच्या मास्तरांच्या वतीने मी माफी मागतो.”

त्या वर्षी आश्विन लागला आणि गुरुजी सकाळी खिशातून कागदाची पुडी काढून सुलभाताईंना खडीसाखरेचा खडा द्यायला लागले. नेमका दिवस त्यांनाही माहीत नव्हता, म्हणून महिना संपेपर्यंत रोज एक. सुलभाताईंना शुगर आहे. त्यांनी सगळे खाल्ले.

असा हा माणूस. मला फार आवडायचा, आवडतो. तोंडावर कधी सांगितलं नाही, आमच्यात ती पद्धत नाही.

* * *

पुढचे किस्से सांगताना मी दमतो, पण सांगतो.

बागेच्या गेटपाशी हिराबाई टोपली घेऊन बसते. अर्नाळ्याहून येते. एक जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढतात, मग पावसाचे दोन महिने तिची जागा रिकामी. आमच्या तारखेशी तिचा संबंध एवढाच. वाढदिवसाचं तोंड आम्ही आदल्या दिवशीच तिच्याकडून गोड करून घ्यायचो, म्हणजे पापलेटने.

मागच्या डिसेंबरात, सगळे स्वेटरमध्ये, गुरुजी तिच्यासमोर उभे राहिले. “हिरा, आज कशी काय आलीस? आज होड्या बंद ना?”

“बंद? कोन बोलला, गुरुजी?”

“एक जून ना आज.”

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो. हिराबाईने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “व्हय की. आज शेवटचाच दिस. बोंबील घेऊन ठेवा, मंग मिलायचे नाय.”

गुरुजींनी घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, आणि तिने पुन्हा तेच सांगितलं. ती एकदाही चुकली नाही. आम्ही मात्र गुरुजी आले की झाडांकडे बघायला लागलो.

* * *

मग मेच्या शेवटी एके सकाळी गुरुजी कट्ट्यावर आलेच नाहीत. शोधाशोध झाली. सापडले जवळच्या एका शाळेच्या गेटवर, तिथे सुट्टीतलं शिबिर चालू होतं. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. पोरांना सोडायला आलेल्या आयांना अडवून अदबीने विचारत होते, “मूल किती वर्षांचं? काही आठवतं का, पाऊस होता, सण होता?”

एकीने घाबरून पोर मागे ओढलं. एकीने मात्र खरंच सांगितलं, “गणपतीत झाली.” गुरुजी म्हणाले, “छान. एक जून.”

वॉचमनने त्यांना स्टुलावर बसवून पाणी दिलं होतं. मी न्यायला गेलो तर म्हणाले, “बरं झालं आलात. आज गर्दी फार आहे.”

संध्याकाळी त्यांचा मुलगा संजय माझ्याकडे आला. रोज अंधेरीला नोकरीला जातो, बायकोही नोकरीला. बूट न काढता दारातच बोलला. “काका, उद्या कुठल्या गाडीखाली आले तर? मी डॉक्टरांना दाखवतो. ते म्हणाले एकटे फिरले तर चालेल, तर फिरू देत. नाहीतर बाहेरून कुलूप लावून जाणार. मला दुसरं काही सुचत नाही.”

त्याच्यावर रागावता येईना. रडवेला झाला होता. पण दिवसभर बाहेरून कुलूप, आणि आत गुरुजी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

* * *

सुलभाताईंना अनुभव होता, त्यांच्या नवऱ्याचं असंच झालेलं. म्हणाल्या, “डॉक्टर पहिलं विचारतात, आज तारीख काय.”

 मग फिलिपमामा हळूच म्हणाले, “मग एक जूनलाच न्या की.”

आयुष्यात इतकी हुशारीची गोष्ट आमच्या कट्ट्यावर कुणी बोललं नव्हतं. संजयला पटवलं की अपॉइंटमेंट मी घेतो, तू दमतोस. फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, “एकला सर नसतात. तीनला या.”

“दोनला?”

“काका, तीनला.”

मग तयारी सुरू झाली. दोन दिवस बाकड्यावर शिकवणी. सुलभाताई मास्तरीण, गुरुजी विद्यार्थी. “गुरुजी, म्हणा, तीन जून.” “तीन जून.” “शाब्बास. आज तारीख काय?” “एक जून.” फिलिपमामांनी तळहातावर तीनचा आकडा काढून दिला. गुरुजींनी तो पाहिला, हौदावर जाऊन हात स्वच्छ धुतला आणि म्हणाले, “वर्गात कॉपी चालणार नाही.”

त्यावर आम्ही सगळे खूप हसलो, गुरुजीसुद्धा. हसून झाल्यावर कुणी कुणाकडे बघितलं नाही.

* * *

तीन तारखेला संजयने मलाही सोबत नेलं. डॉक्टर पन्नाशीचे, बीडकडचे, बोलण्यातला मराठवाडा वसईत येऊनही गेला नव्हता. संजयने सगळं सांगितलं, शाळेचं गेट, कुलपाचा विचार, काही लपवलं नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची गुरुजींकडे वळवली.

“काय गुरुजी, बरं हाय ना? आज तारीख काय सांगता?”

मी मनात तीन, तीन म्हणत होतो. गुरुजींनी चष्मा लावला, डॉक्टरांकडे बराच वेळ पाहिलं.

“तुझ्याबरोबर कोण आलंय?”

“कुणी नाही, गुरुजी.”

“आई?”

“आई नाही आता.”

“असू दे. घाबरू नकोस. उभा राहा.”

डॉक्टर उभे राहिले.

“उजवा हात डोक्यावरून ने. पलीकडचा कान धर.”

“बाबा,” संजय म्हणाला. डॉक्टरांनी डाव्या हाताने त्याला थांबवलं. मग उजवा हात वर नेला, टकलावरून पलीकडे, आणि डावा कान धरला.

गुरुजी पुढे वाकून नीट बघत होते. “पोचतो. सहा पूर्ण,” ते मला म्हणाले. “दळवी, घ्या दाखल करून. एक जून.”

संजयने मान खाली घातली. “डॉक्टर, आज तीन आहे.”

“आज तीनच आहे,” डॉक्टर म्हणाले. “माझ्या दाखल्यावरची तारीख सांगितली त्यांनी. बरोबर सांगितली.”

 बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारून झालं होतं.

“कुलूप नका लावू,” डॉक्टर संजयला म्हणाले. कान त्यांनी अजून सोडला नव्हता.