कोकरं सोडायची वेळ

मेंदूलाही राखणदार असतात, हे मी पुण्याच्या प्रयोगशाळेत शिकले. मायक्रोग्लिया म्हणतात त्या पेशींना. उंदराच्या मेंदूचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काळोखात त्या हिरव्या दिसायच्या, बारीक फांद्या पसरून चहूकडे चाचपत असल्यासारख्या. तासन् तास बघत राहावंसं वाटे. आजारी मेंदूत मात्र त्या फांद्या आखडून घेतात, फुगतात आणि घाणीबरोबर मेंदूच्या पेशींमधले चांगले सांधेही खाऊन टाकतात. कुंपणच शेत खातं. का, ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं, आणि मला तर घाई होती. वडगाव रासाईला माझे वडील, आप्पा, रोज थोडं थोडं विसरत चालले होते. त्यांनी मला ओळखावं, एवढंच मला हवं होतं.

कुणी म्हणे, या पेशी मारूनच टाकाव्यात. मी हमरीतुमरीवर यायचे. लहानपणी आमच्या कुत्र्यानं एक कोकरू फाडलं, तेव्हा चुलता कुऱ्हाड घेऊन धावला होता. आप्पा आडवे आले. "राखणदार हाय त्यो. खुळावलाय, वैरी न्हाई." कुत्रा मग दावणीलाच म्हातारा झाला.

शनिवारी पुण्याहून तळेगाव ढमढेरे, तिथून जीपमध्ये अंग चोरून बसायचं आणि घर गाठायचं. मेंढरांमागचं भटकणं कधीच सुटलं होतं, शेती होती. तरी आप्पांनी हौसेपुरती थोडी मेंढरं ठेवलेली. ती चरून परतली की दिवसभर बांबूच्या मोठ्या डालग्याखाली कोंडलेली कोकरं सोडायची. एकच गलका. प्रत्येक मेंढी हुंगून आपलंच पिल्लू जवळ घेई. चुकलेलं कोकरू उचलून त्याच्या आईला लावून देणं, हे आप्पांचं काम. उसावरचं ऊन पिवळं होई, धूळ तरंगत राही, आणि मला झोपेत असल्यासारखं वाटे.

त्या शनिवारी कोकरं प्यायला लागली, अंगण शांत झालं. मी आप्पांसमोर उभी राहिले.

"आप्पा, मी कोण?"

त्यांनी बराच वेळ निरखलं. मग माझं मनगट धरून एकेका मेंढीकडं पाहत ते अंगणभर फिरले. शेवटी दाराशी येऊन त्यांनी आत हाक दिली, "आगं, ह्ये एक ऱ्हायलंय. ह्याची आय कुठं हाय?"

आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"माझंच हाय त्ये."

आप्पांनी माझा हात तिच्या हातात दिला आणि निर्धास्त होऊन डालगं उचलायला गेले.